वेताळपंचविशी : ग्रंथ, दैवत आणि वाचक

आपले वाङ्मयेतिहास एखादा ग्रंथ कोणी रचला आणि केव्हा छापला याची नोंद साक्षेपाने ठेवतात. तो कसा वाचला गेला आणि वाचकाने त्यातले काय जवळ केले, याची दखल मात्र क्वचितच घेतात. वस्तुतः एखाद्या कथामालेवर वाचकांनी जन्मभर प्रेम करावे आणि ते पुढील पिढीच्या हवाली करावे, ही घटनाही इतिहासाचा विषय होय. मराठीत असे प्रेम ज्या थोड्या अद्भुत कथामालांच्या वाट्याला आले, त्यांत वेताळकथांचे स्थान वरचे आहे. मराठी वाचकाने या मालेतील पंचवीस कथांपेक्षा त्यांची चौकट जपली, आणि ती चौकट चालू राहावी म्हणून मूळ ग्रंथाचा शेवटही सोडून दिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम मूळ चौकट पाहू. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागराच्या बाराव्या लंबकात या कथा येतात. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण होय. उज्जयिनीचा विक्रमादित्य पुढील परंपरेने त्या जागी आणला. क्षान्तिशील नावाच्या भिक्षूसाठी राजा स्मशानातील शिंशपा वृक्षावरचे प्रेत आणावयास जातो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाही, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला, तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाणार. ज्ञान आणि मौन यांची ही कोंडी हेच या मालेचे यंत्र आहे. जोवर राजाला उत्तर येते, तोवर माला संपत नाही.

ती संपते चोविसाव्या कथेला. या कथेत पिता आणि पुत्र वनात दोन स्त्रियांची पावले पाहतात. मोठ्या पावलांची ती पित्याने वरावी आणि लहान पावलांची ती पुत्राने वरावी, असा त्यांचा करार होतो. पुढे उघड होते की त्या स्त्रिया मायलेकी असून मोठी पावले लेकीची आहेत. वचनानुसार पिता लेकीशी आणि पुत्र आईशी विवाह करतो. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो आणि राजा निरुत्तर होतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे. दोन्ही अपत्ये मुलगे मानले, तर पित्याचा मुलगा हा पुत्राचा सावत्र भाऊ, म्हणून पुत्राच्या मुलाचा काका; आणि पुत्राचा मुलगा हा लेकीचा सावत्र भाऊ, म्हणून पित्याच्या मुलाचा मामा. अर्थात प्रत्येक जण दुसऱ्याच्या वडील पिढीतही बसतो आणि धाकट्या पिढीतही. मराठीत नात्यांच्या शब्दांची उणीव नाही. पण त्या शब्दांनी गृहीत धरलेली पिढ्यांची क्रमवारीच येथे ढासळते. राजाचे मौन हे अशा रीतीने भाषेच्या सीमेवरचे मौन आहे. त्यानेच वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचे कपट उघड करतो, आणि कथामाला पूर्ण होते.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळी या वर्गाच्या कथांना अग्रस्थान मिळाले. श्रीरामपूर येथे १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी छापली गेली. पुढे इसापनीतिकथा मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३० मध्ये प्रसिद्ध झाली. गोदातीरीचा राजा काश्मीरच्या संस्कृत काव्यात वास करून शतकांनंतर मुंबई इलाख्यातील छापील मराठीत परतला, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि या काळापर्यंत माला पंचविशीच होती. तिला शेवट होता.

हा शेवट पुसला गेला तो मासिकाच्या युगात. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केलेल्या मुलांच्या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये 'चांदोबा' या नावाने निघू लागली. त्यातील वेताळकथा हे मासिकाचे कायमचे अंग बनले. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन चाललेला राजा हे शंकर या चित्रकाराचे चित्र (त्यांचे निधन २०२० मध्ये झाले) अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. पंचवीस कथा लवकरच सरल्या; परंतु वाचकांची मागणी सरली नाही. तेव्हा संपादकांनी अन्य कथा त्याच चौकटीत बसविल्या आणि शेकडो अंकांपर्यंत माला वाढविली. राजाला प्रत्येक महिन्यास उत्तर येणे आता अपरिहार्य झाले, कारण तो निरुत्तर झाला असता तर मासिकाचे ते पान रिकामे राहिले असते.

या वाढीत प्रश्नाचे रूपही पालटले. संस्कृत कथांत वेताळाचा प्रश्न बहुधा 'कोण?' किंवा 'कोणाची?' असा असे : ही स्त्री कोणाची पत्नी, या तिघांत थोर कोण. चांदोबातील नव्या कथांत तो बहुधा 'का?' असा झाला : हाती आलेले राज्य या माणसाने का नाकारले, अपराध्याला त्या राजाने क्षमा का केली. पहिला प्रश्न निवाडा मागतो, दुसरा माणसाच्या वर्तनाचा उलगडा मागतो. बालवाचकाला तो राजाच्या आधी करावयाचा असे. प्रश्न आणि उत्तर यांमधील त्या क्षणभराच्या विरामातच या मालेची गोडी होती, असे आम्हांस वाटते. त्या विरामापायीच प्रौढपणीही हे अंक हाती आले की खाली ठेववत नाहीत.

येथे एक शंका उद्भवते. प्रेतात वसणारे हे भूत मुलांना इतके जवळचे कसे वाटले? तिचे उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर मिळते. प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण अलिबाग तालुक्यातील थळ येथे झाले. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही बेटे समोर दिसतात. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी खांदेरीवर दुर्ग बांधावयास घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्याच बेटावर वेताळाचे देऊळ असून या भागातील कोळी समाज त्याला रक्षक दैवत मानतो. चांदोबा वाचणाऱ्या थळच्या मुलाला अशा प्रकारे दोन वेताळ ठाऊक असत, एक कागदावरचा आणि एक समुद्रातला. 'गोष्टीतला निराळा, आपला निराळा,' असे घरातील वडीलधारी माणसे बजावत. तरी मुलाच्या मनात ते एकमेकांत मिसळतच.

दक्षिण कोकणात हाच देव 'वेतोबा' होतो. आरवलीचा वेतोबा प्रसिद्धच आहे. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांतील आदरवाचक 'बा' येथे भयप्रद सत्तेला लागला आहे, जसा तो वाघोबा आणि नागोबा यांतही लागतो. ज्याचे भय वाटते त्याला घरातील वडील मानून हाक मारण्याची ही मराठीची रीत आहे. लक्षणीय गोष्ट ही की, त्या मासिकाच्या बहुतेक भाषांतील नावांत चंद्र हा 'मामा' आहे. मराठीने मात्र त्याला 'चांदोबा' केले. वेतोबा आणि चांदोबा एकाच प्रत्ययाची अपत्ये होत. मद्रासहून आलेला वेताळ मराठी मुलाला परका वाटला नाही, याचे एक कारण त्याच्या भाषेने आधीच करून ठेवलेल्या या सलगीत आहे. भूमिका मात्र उलटल्या आहेत. दक्षिण कोकणात माणूस ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालून कौल मागतो, म्हणजे प्रश्न माणसाचा आणि उत्तर देवाचे. ग्रंथात प्रश्न वेताळाचा असून उत्तराची जबाबदारी माणसावर येते.

२०१३ च्या सुमारास या मासिकाचे मुद्रण थांबले. सोमदेवाच्या ग्रंथात राजाच्या मौनाने कथा पूर्ण होते, आणि या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात असा वर राजा मागून घेतो. मासिकातील माला त्या मौनापर्यंत पोहोचलीच नाही. राजाला उत्तरे येत असतानाच ती बंद पडली. चांदोबाचे जुने अंक आज काही घरांच्या माळ्यांवर आणि रद्दीच्या दुकानांत विखुरलेले आहेत. बालवाङ्मय म्हणून विद्यापीठीय ग्रंथालयांनी ते जमविण्याची फारशी तसदी घेतली नाही. परंतु साठ वर्षांच्या मराठी अनुवादभाषेचा, प्रश्नरचनेचा आणि बालवाचकाच्या संस्काराचा इतका सलग पुरावा अन्यत्र मिळणे कठीण आहे. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी उपलब्ध असलेल्या अंकांची वर्षवार सूची केली, आणि ज्यांनी ते लहानपणी वाचले त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून घेतल्या, तर वाचनाच्या इतिहासाला एक भक्कम आधार लाभेल. पन्नासच्या दशकातील पहिले वाचक आज वृद्ध झाले आहेत. म्हणून या कामाचा आरंभ त्यांच्यापासून व्हावा.