खोटा पत्ता

नावाच्या गोंधळामुळे पत्रं भलतीकडे जाण्याचा एक प्रसिद्ध किस्सा आमच्या वर्धा जिल्ह्यातलाच आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांचं टपाल केवढं असायचं ते वेगळं सांगायला नको. आणि त्यातली पत्रं त्याच रेल्वेमार्गावरच्या शेगावला, म्हणजे गजानन महाराजांच्या शेगावला, जाऊन पडायची. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदललं आणि सेगावचं सेवाग्राम झालं.

हे वर्ध्याच्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, त्यात मी काही नवीन सांगत नाही. पण तिथे निदान कुणाचा डाव नव्हता. दोन नावं सारखी होती, बस. तेच जर कुणी मुद्दाम केलं तर? नाव अगदी बरोबर, स्पेलिंग बरोबर, पाठवणाऱ्याची काही चूक नाही, आणि तरी पत्र चोराच्या घरी! इंटरनेटवर हे करता येतं हे जाणकारांना १९९० पासून माहीत आहे. त्याला डीएनएस कॅश पॉयझनिंग म्हणतात. मला या प्रकारातल्या तांत्रिक करामतीपेक्षा त्याचा इतिहास जास्त चक्रावून टाकतो, म्हणून हे लिहायला घेतलं. (आमच्या घरच्या मंडळींनी घाबरू नये, गणित नाही.)

आधी थोडी पार्श्वभूमी. संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. सुरुवातीला सगळ्या जगाची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असायचे आणि ती फाइल कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळायची. ते झेपेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. यादी एकाकडे नाही. प्रत्येकाने आपापल्या भागाची सांभाळायची आणि विचारलं की सांगायचं. आपल्या 'डॉट इन'चा भाग १९८९ साली भारताकडे आला आणि पुढे बरीच वर्षं तो सांभाळला मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीने. २००५ मध्ये नियम सैल होईपर्यंत 'डॉट इन'खाली जेमतेम ७ हजार नावं होती म्हणतात. एवढ्यात आमच्या गोल बाजारातली दुकानंसुद्धा कदाचित मावली नसती! असो.

आता हे काम कसं चालतं ते पोस्टाच्या भाषेत सांगतो. समजा वर्ध्याच्या पोस्टात एक कारकून आहे. तुम्ही त्याला बँकेचा पत्ता विचारता. त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो बँकेच्या मुख्य कचेरीला कार्ड टाकतो आणि कार्डावर जावक क्रमांक लिहितो. उत्तराच्या कार्डावर तोच क्रमांक असला की उत्तर खरं. मग तो पत्ता फळ्यावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा कार्ड नको. हा फळा म्हणजे कॅश, आणि कारकून म्हणजे रिझॉल्व्हर. आपला इंटरनेट देणारा जो कोणी असेल त्याच्याकडे असा एक कारकून बसलेला असतो. आपण त्याला कधी पाहत नाही आणि दिवसभर त्याच्याच शब्दावर चालतो.

खोट तुमच्या लक्षात आलीच असेल. खरं उत्तर यायच्या आत कुणी जावक क्रमांक ओळखून खोटं कार्ड टाकलं तर? कारकून सही बघत नाही, शिक्का बघत नाही. जो क्रमांक जुळेल आणि आधी येईल तो खरा. एकदा फळ्यावर खोटा पत्ता गेला की त्या दिवशी विचारायला येणारं अख्खं गाव चोराच्या दारात.

१९९० साली बेल लॅब्सच्या स्टीव्हन बेलोव्हिन यांनी डीएनएसच्या या भोळेपणाचा वापर करून घुसखोरी कशी करता येते यावर निबंध लिहिला आणि... छापलाच नाही. इलाज हाताशी नव्हता, मग रोग जाहीर कशाला करायचा? तो निबंध १९९५ मध्ये बाहेर आला. माझ्या मते त्यांचं चुकलं नाही. चुकलं असेल तर ती पाच वर्षं आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं इतरांनी काय केलं त्यात.

१९९७ मध्ये यूजीन कॅशपुरेफ नावाच्या माणसाने करूनच दाखवलं. डोमेन नावांची मक्तेदारी त्याला खटकत होती. त्याने उत्तराच्या कार्डावर, न विचारलेली, जास्तीची एक ओळ घुसवली आणि कारकुनांनी तीही भाबडेपणाने फळ्यावर उतरवून घेतली. झालं! इंटरनिक या अधिकृत संस्थेच्या साइटवर जाणारे लोक याच्या साइटवर पोचू लागले. पुढे त्याला कॅनडात अटक झाली आणि अमेरिकेत त्याने गुन्हा कबूल केला. त्यानंतर न विचारलेल्या ओळी फेकून द्यायच्या असं ठरलं. जावक क्रमांक आधी ओळीने १, २, ३ असे पडायचे, तेही उलटसुलट टाकायला सुरुवात झाली. पण क्रमांक एकूण किती? ६५,५३६. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला नाही.

त्याच सुमारास डॅनियल बर्नस्टाइन हे गणिताचे प्राध्यापक सांगत होते की नुसता क्रमांक नको, उत्तर कुठल्या खिडकीवर घ्यायचं तेही दर वेळी बदला, म्हणजे चोराला क्रमांक आणि खिडकी दोन्ही ओळखावं लागेल. स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी ते केलंही. पण बर्नस्टाइन म्हणजे फटकळ माणूस, आणि फटकळ माणसाचं बरोबर असणं लोकांना जास्तच झोंबतं. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या बाइंडने ते २००८ पर्यंत मनावर घेतलं नाही. २००७ मध्ये अमित क्लाइन यांनी तर दाखवून दिलं की बाइंडचे 'उलटसुलट' क्रमांकही आधीच्या क्रमांकांवरून ओळखता येतात.

मग आलं २००८. तोवर सगळ्यांची समजूत अशी की चोराला संधी कधीतरीच मिळते. एकदा खरं उत्तर फळ्यावर गेलं की त्याची मुदत संपेपर्यंत, म्हणजे एखादा दिवसभर, कारकून कार्डच टाकत नाही. डॅन कमिन्स्कीने ही समजूत मोडली. त्याची युक्ती इतकी साधी की १८ वर्षांत ती इतर कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. बँकेचा पत्ता विचारूच नका! बँकेच्या अस्तित्वातच नसलेल्या शाखा विचारा. शाखा १ कुठे आहे? शाखा २ कुठे आहे? फळ्यावर या शाखा नसणारच, त्यामुळे कारकून दर वेळी नवं कार्ड टाकणार आणि चोराला दर वेळी नवी संधी. आणि खोट्या उत्तरात लिहायचं, "शाखेचं मला माहीत नाही, पण बँकेबद्दलची सगळी चौकशी यापुढे अमुक पत्त्यावर करावी." ही ओळ विषयाला धरूनच असल्यामुळे १९९७ नंतरच्या नियमातूनही सुटते. काही सेकंदांचं काम.

कमिन्स्कीने हे पैशासाठी विकलं असतं तर त्याच्या सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. त्याने पॉल व्हिक्सी यांना फोन केला. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या आवारात १६ जण जमले, एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे लोकसुद्धा, आणि ८ जुलैला सगळ्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढली. दुरुस्ती काय? खिडकी बदला. बर्नस्टाइन म्हणत होते तीच!

कमिन्स्कीने विनंती केली होती की महिनाभर कुणी जाहीर तर्क करू नका, लोकांना दुरुस्तीला वेळ द्या. दोन आठवडेसुद्धा टिकलं नाही. २१ जुलैला एका जर्मन संशोधकाने जवळपास बरोबर अंदाज बांधला, दुसऱ्या एका कंपनीच्या ब्लॉगवर सगळा तपशील चुकून प्रसिद्ध झाला, आणि दोनतीन दिवसांत हल्ल्याचं तयार सॉफ्टवेअर मेटास्प्लॉइटमध्ये आलं.

या दिवसांत माझा मावसभाऊ वर्ध्यात सायबर कॅफे चालवायचा. आठ मशीन, एक प्रिंटर. निकालाच्या दिवशी बाहेर रांग. लोक तिथे बसून रेल्वेची तिकिटं काढायचे, परीक्षेचे फॉर्म भरायचे, आणि अधूनमधून एखादे रिटायर्ड गुरुजी त्याच्याकडूनच बँकेचा पासवर्ड टाइप करून घ्यायचे. कमिन्स्कीने आपल्या साइटवर एक बटण ठेवलं होतं. दाबलं की तुमचा कारकून भोळा आहे की नाही ते कळायचं. मी त्याला फोन करून दाबायला सांगितलं. "दादा, हे तर व्हल्नरेबल म्हणून राह्यलं. मंजे काय?" म्हणे. त्याचा इंटरनेट देणारा कोण होता ते जाऊ द्या, जुलै संपत आला तरी दुरुस्ती नव्हती एवढं खरं. फोनवर सांगत सांगत आठही मशीनवर ओपनडीएनएसचा आकडा टाकला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. "गुरुजींना सांगू का?" असं त्याने विचारलं. काय सांगणार? पत्ता बरोबर टाइप करूनही भलतीकडे जाऊ शकता, हे कुणाला कसं समजावायचं? कुलपाचं चिन्ह बघा म्हणावं, तर तेव्हा कितीतरी बँकांचं पहिलं पान कुलपाशिवायच उघडायचं.

ही भीती उगाच नव्हती. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासमधला एका मोठ्या कंपनीचा कारकून खरोखर फसला. गूगल उघडू पाहणारे लोक जाहिरातींच्या बनावट पानावर गेले. आणि त्या लोकांत कोण? मेटास्प्लॉइटवाल्या एच. डी. मूर यांच्याच कंपनीतले कर्मचारी!

खिडक्या बदलल्या म्हणून रोग गेला असं नाही. ऑगस्ट २००८ मध्येच एका रशियन संशोधकाने दुरुस्त केलेल्या बाइंडलाही वेगवान जोडणीवरून दहा तासांत फसवून दाखवलं. काही ठिकाणी सर्व्हर दुरुस्त, पण त्याच्या पुढ्यातला फायरवॉल खिडक्या पुन्हा ओळीने लावून ठेवायचा. २०२० मध्ये 'सॅड डीएनएस' आलं. त्यात नेमकी कोणती खिडकी उघडी आहे हे बाहेरून टकटक करून ओळखण्याची युक्ती निघाली.

खरा इलाज एकच, कार्डावर सही. त्याला डीएनएससेक म्हणतात. त्याची चर्चा नव्वदच्या दशकापासून चालू होती, पण सगळ्यात वरच्या, मूळ कचेरीने सही करायला १५ जुलै २०१० उजाडला. कमिन्स्कीने गडबड केली नसती तर अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे. त्या मूळ किल्लीचे तुकडे ज्या मोजक्या लोकांकडे सांभाळायला दिले त्यांत तोही होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला, वय अवघं ४२. सही करणारे मात्र अजूनही थोडेच आहेत. डॉट कॉममधली बहुतेक नावं आजही सहीशिवाय चालतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बाइंडने एकाच दिवशी दोन भोकं बुजवली. एकात कारकून न विचारलेल्या ओळी फळ्यावर उतरवून घेत होता. दुसऱ्यात त्याचा क्रमांक आणि खिडकी, दोन्हींचा अंदाज बांधता येत होता. पहिलं कॅशपुरेफचं, १९९७ मधलं. दुसरं क्लाइन यांचं, २००७ मधलं.