वाफेकडून टर्बोकडे : अकोला–खंडवा मीटरगेज आणि व्हॉल्व्ह-स्प्रिंगच्या निवडीचा प्रश्न

प्रास्ताविक

वऱ्हाडातील रेल्वेचा इतिहास प्रामुख्याने कापसाच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराशी जोडली गेली, हे सर्वश्रुत आहे. गाडी ओढणाऱ्या इंजिनाच्या पोटात काय बदलले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. डिझेलीकरण म्हणजे कोळशाऐवजी तेल, एवढ्यावर सहसा विषय संपतो. वस्तुतः इंधन बदलले त्याबरोबरच सुट्या भागांची पारख करण्याची रीतही बदलली. व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग हे त्याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात अकोला–खंडवा मीटरगेज मार्गाच्या संदर्भात या स्प्रिंगच्या निवडीचा विचार केला आहे.

स्प्रिंगविना इंजिन, स्प्रिंगचे इंजिन

वाफेच्या रेल्वे इंजिनात वाफ आत सोडणारा व्हॉल्व्ह दांड्यांच्या साहाय्याने पुढेही ढकलला जातो आणि मागेही ओढला जातो. त्याला परत आणण्यासाठी स्प्रिंगची गरज नसते. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या 'शकुंतला' मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातही अमरावती व अकोला जिल्ह्यांत व्हॉल्व्ह-स्प्रिंगविना चालणारी रेल्वे अस्तित्वात होती.

ऑइल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पण मिटवण्याचे काम स्प्रिंगवर सोपवलेले असते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी ही इंजिने महाराष्ट्रातील शेतीच्या परिचयाची केली. त्यांतील जुनी, संथ गतीची इंजिने मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर चालत. हवा सिलिंडरात केवळ ओढीने येई. अशा इंजिनाची स्प्रिंग हाताने दाबून पाहणे, नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून उंची ताडणे, एवढी परीक्षा बहुधा पुरत असे. स्प्रिंग जितकी कडक तितकी बरी, ही समजूतही तेथे फारशी नडत नसे.

टर्बोचार्जरने घातलेले कोडे

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये टर्बोचार्जरचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचे आणि त्याच चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरायची, ही त्यामागील कल्पना. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवरील इंजिनांची शक्ती या योजनेमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आल्को कंपनीच्या आराखड्याची वायडीएम-४ ही टर्बोचार्जरयुक्त इंजिने भारतीय मीटरगेजवर आली. १९६८ पासून ती वाराणसी येथेही बनू लागली. सहा सिलिंडर, ९ इंच व्यास, साडेदहा इंच दट्ट्याची चाल आणि सुमारे १,४०० अश्वशक्ती असे हे इंजिन होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण चोवीस.

येथे स्प्रिंगसमोर नवा विरोधक उभा राहिला. दाबलेली हवा मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर रेटा देते आणि तो रेटा उघडण्याच्या दिशेने असतो. व्हॉल्व्हच्या डोक्याचा व्यास सहा सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर होते. हवेचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो असेल, तर रेटा सुमारे ४२ किलोचा. सिलिंडरातील दाब उतरलेला असताना हा सगळा भार स्प्रिंगच्या पकडीतून वजा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हमागेही धुराचा दाब तुंबलेला असतो. शेजारच्या सिलिंडरातून सुटलेल्या वायूचा ठोका त्यात भर घालतो.

मग अधिक कडक स्प्रिंग का घालू नये? तारेची जाडी केवळ पाच टक्क्यांनी वाढवली तरी स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चतुर्थ घाताने, म्हणजे सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढतो. तो भार कॅम आणि रॉकर यांना सोसावा लागतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर जोराने आपटतो. शिवाय जाड तारेचे वेढे पूर्ण उघडलेल्या अवस्थेत एकमेकांना टेकण्याचा धोका असतो. वेढे टेकले की स्प्रिंग ही स्प्रिंग राहत नाही, लोखंडी नळकांडे होते आणि काहीतरी मोडतेच. यावर मोठ्या इंजिनांतील प्रचलित उपाय म्हणजे एकात एक अशा दोन स्प्रिंगा. त्यांचे पीळ उलट दिशांचे ठेवतात. त्यामुळे एक तुटली तरी तिचे वेढे दुसरीत अडकत नाहीत. दोघींची कंपने वेगळी असल्याने एकीची थरथर दुसरी वाढू देत नाही.

शर्यतीच्या मोटारीत स्प्रिंगची कसोटी प्रामुख्याने वेगाची असते. रेल्वे इंजिनात ती चिकाटीची असते. मिनिटाला ११०० फेऱ्या धरल्यास प्रत्येक व्हॉल्व्ह ५५० वेळा उघडतो, म्हणजे तासाला ३३,००० वेळा. पोलादाच्या थकव्याची परीक्षा परंपरेने एक कोटी आवर्तनांवर घेतली जाते. हा आकडा अवघ्या ३०३ तासांत ओलांडला जातो. म्हणूनच तारेच्या पृष्ठभागावरील बारीकसा ओरखडाही घातक ठरतो. तारेवर छर्‍यांचा मारा करून तिची त्वचा आवळण्याची प्रक्रिया याचसाठी करतात. उष्णतेने स्प्रिंग हळूहळू 'बसते', हा त्यावरचा आणखी एक व्याप.

धूळघाटची चढण

अकोटहून उत्तरेकडे जाणारा मीटरगेज मार्ग वान रोड व धूळघाट यांच्या परिसरात सातपुड्यात शिरत असे. तेथे रूळ स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेऊन जात. मीनाक्षी एक्सप्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्याही याच वाटेने गेल्या. चढणीवर चालक पूर्ण शक्ती मागतो. त्याच क्षणी टर्बोचा दाब वाढलेला असतो, फेरे वाढलेले असतात आणि सिलिंडरचे डोके तापलेले असते. स्प्रिंगची शिल्लक पकड सर्वांत कमी होते ती नेमकी येथे. शेडमध्ये संथ चालवून तपासलेल्या इंजिनात कमजोर स्प्रिंग लपून राहू शकते. घाटात ती लपत नाही.

परिणामी अंगठ्याची परीक्षा अपुरी ठरली. ठरावीक उंचीपर्यंत दाबल्यावर स्प्रिंग किती भार दाखवते, ते यंत्रावर मोजायचे, मर्यादेबाहेरची बाजूला काढायची आणि भाग क्रमांकाशी पडताळूनच नवी घालायची, ही शिस्त अशा इंजिनांना अपरिहार्य झाली. अनुभवी फिटरचे महत्त्व त्यामुळे संपले असे मानणे घाईचे ठरेल. यंत्र भार सांगते. पण एकाच सिलिंडरची स्प्रिंग वारंवार का तुटते, गाइड झिजले आहे की रॉकर तिरपा आहे, हे फिटरच्या डोळ्यालाच कळते. रेल्वेच्या इतिहासलेखनात गाठींच्या संख्येला स्थान मिळाले, तसे शेडमधील दुरुस्तीच्या नोंदवह्यांना मिळालेले नाही, हा दोष अभ्यासकांचा आहे.

अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. २०१७ च्या आरंभी अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याकडे जाणारी मीटरगेज वाहतूक थांबली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या भागाच्या रुंदीकरणास वन्यजीवांच्या कारणाने विरोध झाला आणि प्रकल्पाबाहेरून वळण घेण्याचा पर्याय पुढे आला. मुंबई–नागपूर मुख्य मार्गावर आज गाड्या विजेच्या इंजिनाने धावतात. त्या इंजिनातील मोटारीला व्हॉल्व्ह नसतो, स्प्रिंगही नसते.