८७ रुपयांचा 'स्वस्त' शेअर

परवा संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एकाने टिप दिली. "अडीच रुपयाला आहे रे. पाच झाला की डबल!" दहा हजारांत ४,००० शेअर. ऐकायला काय छान वाटतं!

मांजर्लीला घरी पोचल्यावर बाबांना सहज सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत १९९५ मध्ये इश्यूतून घेतलेल्या एका कंपनीची सर्टिफिकेटं, दहा रुपयांचा एक असे ५०० शेअर. त्यांच्या तेव्हाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे. आईला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आता त्या पत्त्यावर कुणीच नाही.

बाबा एकटे नव्हते. १९९२ मध्ये कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज हे सरकारी कार्यालय बंद झालं आणि इश्यूची किंमत ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. पुढच्या काही वर्षांत इश्यूंचा पूर आला. त्यातल्या कित्येक कंपन्या पैसे गोळा करून गायब झाल्या. सरकारदरबारी त्यांना नावच पडलं, 'व्हॅनिशिंग कंपन्या'.

पण मुंबईने हा खेळ त्याच्याही १३० वर्षं आधी पाहिला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती आपल्याच कल्याण-बदलापूर-कर्जत मार्गावरून. मुंबईत पैसा नुसता वाहत होता, आणि तो रिचवायला रोज नवी कंपनी निघत होती.

सगळ्यात गाजली बॅक बे रेक्लमेशन. समुद्रात भर घालून जमीन करायची योजना. ५,००० चा शेअर ५०,००० वर गेला. गंमत म्हणजे समुद्र अजून बराचसा समुद्रच होता! व्यवहार वायद्याचे. शेअर घ्यायचा कुणाच्या मनात नव्हतं, भावातला फरक तेवढा खिशात घालायचा होता. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. खुद्द बँक ऑफ बॉम्बे अशा शेअरांच्या तारणावर कर्ज वाटत होती.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ वर आला. १८६८ मध्ये बँकच गुंडाळावी लागली. (फोर्टात राजाबाई टॉवर दिसतो ना? त्यासाठी देणगी दिली ती याच प्रेमचंदांनी, आईच्या नावाने.)

आता विचार करा. २,८५० चा शेअर ८७ ला! आपल्यासारख्याला 'स्वस्त'च वाटला असता. इथेच तर गोम आहे. भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त, असं नसतं. अडीच रुपयांच्या शेअरचे २० कोटी नग असतील तर बाजार त्या कंपनीची किंमत ५० कोटी लावतोय. प्रश्न एवढाच, ती तेवढ्याची आहे का?

म्हणून पेनी स्टॉक बघायचेच असतील तर मी आधी चार गोष्टी बघतो. एक, बीएसईच्या साइटवर वार्षिक अहवाल फुकट मिळतो; त्यात नफ्यापेक्षा रोख रक्कम खरंच येते का ते बघायचं. दोन, प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का. तीन, ऑडिटर मधेच सोडून गेलाय का. चार, रोज किती शेअर विकले जातात; कारण लोअर सर्किट लागलं की विकणारे सगळे असतात आणि घेणारा एकही नसतो. शिवाय शेअर जीएसएम यादीत आहे का तेही बघा. बाजाराची ही खास देखरेख २०१७ मध्ये सुरू झाली.

आणि टिप देणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा: तू कधी घेतलास? मार्च २०२३ मध्ये सेबीने यूट्यूब व्हिडिओंतून शेअर फुगवणाऱ्यांवर आदेश काढले. तिथे हेच घडल्याचा आरोप होता. आधी स्वतः घ्यायचे, मग लोकांना सांगायचं, आणि लोक घेत असताना विकून मोकळं व्हायचं.

मी त्या अडीच रुपयेवाल्याचा अहवाल शनिवारी उघडला. विक्री जवळजवळ शून्य, ऑडिटर दोन वर्षांत दोनदा बदललेला. मित्राला फोन केला, तर त्याने आधीच ४०,००० घातले होते. म्हणाला, "बघू रे, सोमवारी विकतो." विकले जातील का, माहीत नाही.

बाबांनी पिशवी परत कपाटात ठेवली. फेकून द्या म्हटलं तर म्हणाले, "राहू दे."

असो. आज इतकंच.