उसने ८० रुपये आणि पापडाची चार पाकिटं



गटाच्या बैठकीत धंद्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एकजण म्हणते, "आपल्यात नाही बाई तेवढं धाडस." दुसरी म्हणते, "हातात पैसा असता तर आपणही केलं असतं." आम्हीही ही वाक्यं बोललो आहोत, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. पण धाडस म्हणजे नेमकं काय, आणि ते पैशानं येतं की आणखी कशानं, हे आज एका जुन्या गोष्टीतून बघू या.

गोष्ट लिज्जत पापडाची आहे. ते पाकीट आपण सगळ्यांनी दुकानात पाहिलं आहे. सात बायकांनी काम सुरू केलं आणि ते देशभर पसरलं, हेही बऱ्याच जणींना माहीत असेल. पण ही गोष्ट सांगताना लोक पहिल्या पायरीवरून एकदम माडीवर जातात. मधल्या पायऱ्या राहून जातात. आज त्या मधल्या पायऱ्याच मोजू.

साल १९५९. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. मराठी आणि गुजराती मुलूख मिळून एकच मुंबई राज्य होतं. मुंबईच्या गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारतीत राहणाऱ्या सात गुजराती बायका एकत्र आल्या. त्यांतल्या एक जसवंतीबेन पोपट. कुणाचं फारसं शिक्षण नव्हतं, आणि घर सोडून नोकरीला जाणं शक्य नव्हतं. घरखर्चाला हातभार लागावा एवढीच इच्छा. हातात कला कोणती, तर पापड लाटायची. आपल्याकडे उन्हाळा आला की आळीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जमतात, तेच काम.

भांडवल नव्हतं. छगनलाल पारेख नावाचे एक समाजसेवक होते, लोक त्यांना छगनबापा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ते सदस्य. त्यांच्याकडून या बायकांनी ८० रुपये उसने घेतले. तोट्यात चाललेला एक लहानसा पापडाचा धंदा विकत घेतला, लागेल ते सामान आणलं, आणि १५ मार्च १९५९ या दिवशी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली.

आता इथे जरा थांबू. ८० रुपये म्हणजे त्या काळी किती? सोन्याचा भाव तेव्हा तोळ्याला शंभराच्या पुढे होता. म्हणजे ८० रुपयांत एक तोळा सोनंही आलं नसतं. हे पैसे पार बुडाले असते, तर सात जणींत वाटून एकीच्या वाट्याला साडेअकरा रुपयांच्या आसपास देणं आलं असतं. ते जड गेलं असतं, पण कुणाचं घर गेलं नसतं, कुणाचं मंगळसूत्र मोडावं लागलं नसतं. म्हणजे या बायकांनी धोका घेतला, पण बुडाला तर भरून काढता येईल एवढाच घेतला. आम्हाला वाटतं, धाडसाची पहिली खूण हीच. डोळे मिटून विहिरीत उडी मारणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो, पण दोर बांधून, पाणी किती खोल ते बघून उतरणारी बाईच दुसऱ्या दिवशीही पाणी भरते.

दुसरी पायरी मालाची. सुरुवातीला या बायका दोन प्रकारचे पापड करत होत्या. एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तातला. आपल्यालाही हाच विचार सुचतो ना? गरीब गिऱ्हाइकासाठी थोडी स्वस्त डाळ, थोडा कमी हिंग. छगनबापांनी सांगितलं, असं करू नका. एकच पापड करा, तो चांगलाच करा, आणि दर्जा कधीही खाली येऊ देऊ नका. बायकांनी ऐकलं. ऐकणं सोपं नव्हतं. स्वस्त माल लगेच खपतो, आणि घरात पैशाची गरज लगेचच असते. पण गिऱ्हाइकाला एकदा खराब पापड लागला की ते पाकीट हलकं होतं की भारी, हे त्याच्या लक्षात राहत नाही. पापड कुणाचा होता तेवढं राहतं.

तिसरी पायरी हिशेबाची. छगनबापांचा दुसरा आग्रह होता की हे काम धंदा म्हणून चालवा आणि हिशेब चोख ठेवा. सात जणी एकाच इमारतीतल्या, रोज एकमेकींचं तोंड बघणाऱ्या. अशा ठिकाणी हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं वाटतं. आपल्या गटातही वाटतं. "तिच्याकडे काय हिशेब मागायचा, घरचीच तर आहे." पण घरचीचाच हिशेब आधी लिहायचा असतो, म्हणजे ती घरचीच राहते. गट मोडतात ते बहुतेक वेळा तोट्यानं मोडत नाहीत, संशयानं मोडतात.

चौथी पायरी आम्हाला सगळ्यांत विचार करायला लावणारी वाटली. या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं की तोटा आला तरी चालेल, पण कुणाकडे देणगी मागायची नाही. हात पसरायचा नाही. यात स्वाभिमान आहेच, पण आम्हाला यात व्यवहारही दिसतो. उसने पैसे परत करायचे असतात, म्हणून माणूस रोज मोजतो. फुकट आलेला पैसा मोजला जात नाही. आपण पाहतो, अनुदान आलं म्हणून यंत्र घेतलं जातं आणि वीज, जागा, गिऱ्हाईक यांचा विचार नंतर होतो. अनुदान घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही, तो आपला हक्क आहे. पण अनुदान काढून टाकलं तरी हा धंदा उभा राहील का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता त्या पहिल्या वर्षाकडे या. तीन महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या. आणि तेवढ्यात पावसाळा आला. गच्चीवर पापड वाळेनात. चार महिने काम बंद. विचार करा, नवा धंदा, नव्या बायका, आणि चार महिने कमाई शून्य. घरच्यांनी काय काय म्हटलं असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

वर्षाअखेर विक्री किती झाली? ६,१९६ रुपये. पावसाचे चार महिने वगळले तर आठ महिने उरतात. म्हणजे महिन्याला पावणेआठशेच्या आसपास, दिवसाला पंचवीस-सव्वीस रुपये. पंचवीस जणींत वाटले तर दिवसाला एकीमागे रुपयाभर, आणि तोही नफा नव्हे, नुसती विक्री. डाळीचे पैसे त्यातूनच जायचे. देशभर पोचलेल्या लिज्जतचं पहिलं वर्ष हे असं होतं. शिवाय मोडलेले पापड विकायचे नाहीत, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचे. हातात रुपया असताना मोडका पापड पाकिटात न भरणं, याला आम्ही शिस्त म्हणतो.

दुसऱ्या पावसाळ्याला त्यांनी काय केलं? एक बाज आणि एक स्टोव्ह विकत घेतला. बाजेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. पापड वाळले, काम थांबलं नाही. कारखाना नाही, मोठं यंत्र नाही. पहिल्या वर्षी जिथे अडलं, तिथलीच अडचण आधी सोडवली. पाऊस दर वर्षी येणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही माहीत असतं. फरक एवढाच की त्यांनी पुढच्या पावसाआधी बाज घेतली.

मग बायका वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर झाल्या. गच्ची पुरेना. तेव्हा त्यांनी मळलेलं पीठ बायकांना घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. घरी लाटायचे, वाळवायचे आणि आणून द्यायचे. परत आलेले पापड तोलून घ्यायचे आणि मग पाकिटं भरायची. विश्वास ठेवला आणि तराजूही ठेवला. लेकरू सांभाळणाऱ्या बाईलाही घरबसल्या काम मिळालं. लाटायची मजुरी, नफ्या-तोट्यात सगळ्या बहिणींचा वाटा, आणि मालकीण कुणी एक नाही, सगळ्याच, ही पद्धत पुढे संस्थेची ओळखच झाली. १९६२ साली पापडाला नाव हवं म्हणून स्पर्धा घेतली. बक्षीस पाच रुपये. त्यातून 'लिज्जत' हे नाव आलं. १९६२-६३ ची विक्री होती १ लाख ८२ हजार रुपये. पहिल्या वर्षाच्या जवळजवळ तीसपट.

पण सरळ चढच चढ होता असं समजू नका. १९६१ साली त्यांनी मुंबईच्याच मालाड उपनगरात शाखा काढायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. पुढे संस्था मोठी झाल्यावर खाकरा, मसाले, वड्या, पीठ असे नवे उद्योग सुरू केले. त्यांतले काही चालले, काही नाही. चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या, अगरबत्ती यांत त्यांना यश आलं नाही. एव्हाना वीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता, तरीही अंदाज चुकले. पण अगरबत्ती चालली नाही म्हणून पापड बंद पडला नाही. नवा धोका घेताना जुनं चालतं काम पणाला लावायचं नाही, हा धडा आम्ही यातून घेतो. शेळीपालन करून बघायचं असेल तर जरूर बघू, पण त्यासाठी चालती पिठाची गिरणी विकायची नाही.

१९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि खेळतं भांडवल म्हणून ८ लाख रुपये मिळाले. ८० रुपये ते ८ लाख, मधे सात वर्षं. आपण अनेकदा ही गोष्ट उलटी समजतो. आधी आठ लाख मिळू देत, मग हिशेब शिकू, मग दर्जा बघू. त्यांनी आधी सात वर्षं वह्या लिहिल्या, तराजू सांभाळला, मोडके पापड वाटून टाकले. मोठी रक्कम हाती आली तेव्हा ती पेलणारे हात तयार होते.

पुढे १९६८ साली गुजरातमध्ये वालोड इथे महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली. आज ४० हजारांहून अधिक बायका या संस्थेच्या सभासद आहेत. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांची गोष्ट जशीच्या तशी आपल्याला उचलता येणार नाही. त्या शहरात होत्या. भुलेश्वरचा बाजार जवळ होता. आपल्याला तालुक्याच्या बाजाराला जायचं तर गाडीभाडंच नफा खातं. त्यांना छगनबापांसारखा जाणता माणूस पाठीशी मिळाला, सगळ्यांना मिळतोच असं नाही. आणि आज पापडाच्या बाजारात गर्दी आहे. म्हणून पापडच करा, असं आमचं म्हणणं नाही.

पण उचलण्यासारखं जे आहे, ते आपल्या घरात आधीच आहे. बचत गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाची नोंद. आपण ती सही करण्यापुरती पाळतो, पण धंद्याची शिस्त वेगळी नसते. जी बाई दर महिन्याला ठरल्या तारखेला शंभर रुपये भरते, पावसापाण्याची, पाहुण्यारावळ्यांची सबब सांगत नाही, ती धंदा करायला निम्मी तयार झालेली असते. तिला आपण भित्री म्हणतो आणि ती स्वतःलाही भित्रीच समजते.

म्हणून येत्या बैठकीत एक करू या. धंद्याचा विषय निघाला की "किती मिळतील" हा प्रश्न दुसरा ठेवू. पहिला प्रश्न असा: हे सगळे पैसे बुडाले तर एकीच्या वाट्याला किती येतील, आणि ते भरून काढायला किती महिने लागतील? आकडा वहीत लिहा. आकडा बघून पोटात गोळा आला, तर धंदा सोडू नका, रक्कम लहान करा. मग विचारा, आपला पावसाळा कोणता? म्हणजे कोणत्या चार महिन्यांत हे काम अडेल, आणि आपली बाज कोणती?

एवढी दोन उत्तरं वहीत आली, की धाडस आहे की नाही याची चर्चा करावी लागणार नाही. १५ मार्चला गच्चीवर बसलेल्या त्या सात जणींनाही पुढचं सारं दिसत नव्हतं. त्यांना दिवसाअखेरची चार पाकिटं दिसत होती, आणि ती त्यांनी नीट मोजली.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर वही उघडी ठेवा.