टोरांटोच्या धक्क्यावरील विचारविनिमय : ‘आम्ही’ आणि ‘आपण’ (२०१७–२०२०)

शहरांच्या इतिहासाची साधने म्हटली की आपण नकाशे, करारपत्रे, करवसुलीच्या वह्या आणि वृत्तपत्रे यांकडे वळतो. जाहीर सभांच्या इतिवृत्तांकडे आपले लक्ष उशिरा जाते, आणि गेले तरी कोण काय म्हणाले एवढेच आपण त्यांत शोधतो. ते कोणत्या शब्दांत म्हटले गेले व ते शब्द कोणी पुरविले, हा प्रश्न वैयाकरणांचा म्हणून बाजूस ठेविला जातो. प्रस्तुत लेखकाचा मूळ व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्यामुळे त्याने हा बाजूस पडलेला प्रश्नच येथे हाती घेतला आहे. कॅनडातील टोरांटो शहरी, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावरील एका लहानशा भूखंडाविषयी २०१७ ते २०२० या काळात मोठा विचारविनिमय घडून आला. त्याचा वृत्तांत एका सर्वनामाच्या आणि एका पारिभाषिक संज्ञेच्या आधारे सांगता येतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम स्थळाविषयी. या भूखंडाचे नाव ‘कीसाइड’. त्याचा अर्थ ‘धक्क्याची बाजू’. भाऊचा धक्का ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस हा शब्द अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. क्षेत्रफळ अवघे १२ एकर. ही भूमी नैसर्गिक नव्हे. टोरांटोचा मूळ किनारा आजच्या फ्रंट स्ट्रीटच्या आसपास होता. त्यापुढील पट्टा भरणी घालून क्रमाक्रमाने मिळविलेला आहे. भरणीपूर्वीच्या भूमीचा इतिहास तर अधिकच बोधप्रद आहे. १७८७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मिसिसॉगा लोकांकडून हा प्रदेश घेतला असे मानले जात असे. पुढे त्या व्यवहाराचे खत पाहू जाता ते कोरे निघाले, आणि तीन प्रमुखांच्या निशाण्यांचे कागद त्यास निराळे जोडलेले आढळले. १८०५ साली दहा शिलिंगांच्या मोबदल्यात नवे खत करून ही उणीव झाकण्यात आली. त्याविषयीचा दावा २०१० साली १४ कोटी ५० लाख डॉलर देऊन मिटविण्यात आला. एका पक्षाने निशाणी करावयाची आणि मजकूर दुसऱ्याने मागाहून भरावयाचा, हा प्रकार या किनाऱ्यास नवीन नाही.

टोरांटोचे नागरिक अशा बाबतींत अननुभवी होते असेही नाही. स्पॅडायना द्रुतमार्गाची योजना लोकांच्या विरोधामुळे १९७१ साली प्रांतिक सरकारला थांबवावी लागली होती. १९६८ साली त्या शहरी राहावयास आलेल्या जेन जेकब्स त्या लढ्यात होत्या. किनाऱ्याच्या भवितव्याविषयी डेव्हिड क्रॉम्बी यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९८८ ते १९९२ पर्यंत काम केले. पुढे २००१ साली केंद्र, प्रांत आणि नगरपालिका या तिन्ही सत्तांनी मिळून किनाऱ्याच्या पुनर्विकासासाठी एक निगम स्थापिला. तोच ‘वॉटरफ्रंट टोरांटो’ या नावाने ओळखला जातो.

या निगमाने १७ मार्च २०१७ रोजी कीसाइडसाठी भागीदार मागविला. प्रस्ताव सादर करण्यास मुदत होती सुमारे सहा आठवड्यांची. निवड झाली ती ‘साइडवॉक लॅब्ज’ या कंपनीची. गूगलची मातृसंस्था असलेल्या अल्फाबेटची ही उपकंपनी २०१५ साली निघाली होती. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या उपस्थितीत घोषणा झाली, आणि आराखडा तयार करण्याच्या कामी कंपनीने पाच कोटी अमेरिकन डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. घोषणा मंगळवारची; निगमाच्या संचालक मंडळाने करारास संमती दिली ती आदल्या दिवशी, सोमवारी; आणि कागदपत्रे हाती आली होती त्यापूर्वीच्या शुक्रवारी. ऑन्टॅरिओच्या महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांनी डिसेंबर २०१८ च्या अहवालात या घाईवर, तसेच इतर स्पर्धकांपेक्षा या कंपनीस अधिक माहिती मिळाल्यावर बोट ठेविले. त्यानंतर प्रांतिक सरकारने मंडळावरील आपल्या तीन सदस्यांना दूर केले.

आता सर्वनामाकडे वळू. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हटले म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले म्हणजे तो आत येतो. हा भेद गुजरातीत आहे, तामिळ-तेलुगूत आहे. आपल्याकडे तो द्राविड भाषांच्या सहवासाने दृढ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजीस मात्र हा भेद ठाऊक नाही. तिच्यातील एकच सर्वनाम दोन्ही कामे करिते, आणि कोणते काम चालले आहे हे सांगण्याचे बंधन वक्त्यावर राहत नाही. खासगी संभाषणात यामुळे फारसे बिघडत नाही. जाहीर विचारविनिमयात बिघडते.

घोषणेनंतर कंपनी व निगम यांनी आपल्या संयुक्त कार्यास ‘साइडवॉक टोरांटो’ असे नाव दिले. कंपनीच्या नावातील अर्धा शब्द आणि सबंध शहराचे नाव यांची ती सांगड होती. १ नोव्हेंबर २०१७ रोजी पहिली नागरिक सभा झाली. २०१८ च्या मार्च, मे, ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत चार जाहीर बैठका भरल्या. या नावाखाली व्यासपीठावरून येणारे ‘आम्ही’ कोणाचे? प्रस्ताव मांडणाऱ्या कंपनीचे, तो पारखणाऱ्या सार्वजनिक निगमाचे, की समोर बसलेल्या नागरिकांसह सर्वांचे? या सभांतील वाक्ये मराठीत उतरविण्यास बसलेल्या अनुवादकास प्रत्येक ठिकाणी ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागेल, आणि बहुतेक ठिकाणी त्यास ते ठरविता येणार नाही. अनुवादकाची ही अडचण वस्तुतः नागरिकांचीच अडचण होती. तपासणारा व तपासला जाणारा एकाच सर्वनामात राहत असतील, तर हरकत घ्यावयाची ती कोणापाशी?

त्यातच मूळ करार लोकांपुढे नव्हता. ऑक्टोबर २०१७ चा करारनामा प्रसिद्ध झाला तो ३१ जुलै २०१८ रोजी, त्याची जागा घेणारा नवा करार झाला त्या वेळी. म्हणजे पहिल्या दोन बैठकी मूळ दस्तऐवज न पाहता झाल्या. मंडळातील एक सदस्या, बांधकाम व्यवसायातील ज्युली डी लॉरेन्झो, यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

मग चर्चा कशाविषयी होई? पुष्कळशी वस्तूंविषयी. लेक शोअर बूलव्हार्डवरील ३०७ क्रमांकाच्या इमारतीत पूर्वी मासळीवर प्रक्रिया करण्याचा कारखाना होता. कंपनीने २०१८ च्या जूनमध्ये तेथे आपले कार्यालय व प्रदर्शन उघडले. रस्त्यासाठी काढता-बसविता येणाऱ्या षट्कोनी फरश्या, पावसापासून पादचाऱ्यांस आडोसा देणारी इमारतीची आच्छादने, लाकडी बांधकामाच्या उंच इमारतींचे नमुने तेथे पाहावयास मिळत. कुटुंबेच्या कुटुंबे येत. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने निवडलेल्या ३६ रहिवाशांचे एक मंडळही नेमले होते, आणि त्याने गांभीर्याने काम केले. पुढे कंपनीने सांगितले की २१,००० हून अधिक लोकांशी आपला प्रत्यक्ष संपर्क झाला. हा आकडा खोटा मानण्याचे कारण नाही. तथापि ‘फरशी कशी असावी’ या प्रश्नास २१,००० उत्तरे मिळाली म्हणून ‘हे व्हावे काय’ या प्रश्नास एकही उत्तर मिळत नाही. पहिल्या प्रश्नात दुसऱ्याचे होकारार्थी उत्तर गृहीत धरलेले असते. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत सल्लामसलत चौथ्या पायरीवर आहे आणि खऱ्या सत्तेच्या पायऱ्या सहावीपासून सुरू होतात. त्या शिडीवर या सभा कोठे बसतील हा विद्यार्थ्यांनी वाद घालण्याजोगा विषय आहे. माझ्या मते तिसऱ्या-चौथ्याच्या वर नाही.

दुसरे साधन संज्ञेचे. वस्तीत जागोजागी बसविलेल्या संवेदकांतून जी माहिती गोळा होईल, तिचे काय? ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने ‘अर्बन डेटा’ ही संज्ञा पुढे केली, आणि तिच्या सांभाळासाठी एक स्वतंत्र विश्वस्त संस्था सुचविली. शहरातील प्रत्यक्ष जागांत, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्याची संमती घेणे अवघड, तेथे गोळा केलेली माहिती असा तिचा अर्थ. ऐकावयास निरुपद्रवी. परंतु कॅनडाच्या कायद्यात ‘वैयक्तिक माहिती’ ही संज्ञा आहे. ‘अर्बन डेटा’ ही नाही. नव्या संज्ञेत व्यक्तीची माहिती, समूहाची माहिती आणि रहदारीच्या मोजणीसारखी निर्जीव माहिती ही एकत्र घातली गेली, आणि वापरणाऱ्याने सेवा घेताना स्वतः दिलेली माहिती ‘व्यवहाराची’ म्हणून विश्वस्तांच्या कक्षेबाहेर ठेविली गेली. संज्ञेची रेषा कोठे ओढावयाची हे ठरविणारा पक्ष रेषेच्या दोन्ही बाजूंस काय पडेल हेही ठरवितो.

हे प्रथम ओळखले ते जाणकारांनी. निगमाच्या सल्लागार मंडळातून सादिया मुझफ्फर ऑक्टोबर २०१८ च्या आरंभी बाहेर पडल्या. ऑन्टॅरिओच्या माजी माहिती व गोपनीयता आयुक्त अ‍ॅन कॅव्हूकियन या कंपनीच्याच सल्लागार होत्या. माहितीतून व्यक्तीची ओळख गोळा करतानाच पुसून टाकण्याचे बंधन इतर संस्थांवर घालता येणार नाही असे कळताच त्यांनीही त्याच महिन्यात काम सोडले. बियांका वायली या स्वतः लोकविचारविनिमयाच्या सभा चालविण्याचा व्यवसाय केलेल्या. त्या या प्रकल्पाच्या सर्वांत चिकाटीच्या टीकाकार ठरल्या, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. सभेचे तंत्र कसे चालते हे त्यांस आतून माहीत होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये वृत्तपत्रातून बातमी फुटली की कंपनीची दृष्टी १२ एकरांच्या फार पलीकडे, पूर्वेकडील बंदरभूमीवर आहे, आणि तेथील भावी करउत्पन्नातील वाटा तिला हवा आहे. त्याच महिन्यात विरोधी नागरिकांची संघटना उभी राहिली. एप्रिलमध्ये कॅनडातील नागरी स्वातंत्र्य संघटनेने तिन्ही सरकारांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २४ जून रोजी कंपनीचा आराखडा प्रसिद्ध झाला : चार खंड, १,५२४ पृष्ठे, आणि प्रस्तावित क्षेत्र १९० एकर.

सर्वनाम फुटले ते त्याच दिवशी. निगमाचे नवे अध्यक्ष स्टीफन डायमंड यांनी आराखड्याबरोबरच एक खुले पत्र प्रसिद्ध केले आणि त्यात स्पष्ट केले की हा आराखडा निगमाने सहकार्याने रचलेला नाही; तो कंपनीचा प्रस्ताव आहे, आणि १९० एकरांची भाषा अकाली आहे. पावणेदोन वर्षे एकाच रूपात नांदलेले ‘आम्ही’ येथे ‘आम्ही’ आणि ‘ते’ असे विभागले गेले. जुलैतील सभा निगमाने स्वतःच्या नावाने भरविल्या. मला या सभा आधीच्यांपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात, कारण लोकांस आता ठाऊक होते की आपण कोणाशी बोलतो आहो आणि कोणाविषयी बोलतो आहो. निगमाच्याच तज्ज्ञ मंडळाने सप्टेंबरात आराखड्यावर कठोर अभिप्राय दिला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी कंपनीने निगमाच्या अटी मान्य केल्या : क्षेत्र पुन्हा १२ एकर, विश्वस्त संस्थेची कल्पना रद्द, आणि ‘अर्बन डेटा’ ही संज्ञा सोडून प्रचलित कायद्याच्या संज्ञांचा स्वीकार. एखाद्या नगरविकासाच्या वाटाघाटीत एक शब्द मागे घेणे ही अट असावी, हे भाषेच्या अभ्यासकास विरळाच पाहावयास मिळते.

सर्वांचेच म्हणणे ऐकले गेले असे मात्र नाही. मूळ रहिवासी समाजांशी झालेल्या विचारविनिमयातून १४ शिफारशी निघाल्या होत्या. त्यांतील एकही त्या दीड हजार पृष्ठांत उतरली नाही, अशी तक्रार तो विचारविनिमय चालविणाऱ्यांनी त्याच ऑक्टोबरात केली. कोऱ्या खताची आठवण येथे सहज होते.

आपल्याकडील एका शब्दप्रयोगाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या व्यवहारात प्रारूप आराखड्यावर लोकांकडून मागविल्या जातात त्या ‘हरकती व सूचना’. हरकत प्रथम, सूचना मागाहून. ही पद्धत रुक्ष आहे. ती उशिरा येते. तयार नकाशा लोकांपुढे टाकून ठराविक दिवसांची मुदत देते. परंतु तिचे व्याकरण स्वच्छ आहे : नकाशा ‘आमचा’, हरकत ‘तुमची’. मुंबईच्या विकास आराखड्याचे २०१५ सालचे प्रारूप फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले आणि लोकक्षोभामुळे एप्रिलमध्ये ते रद्द करून नव्याने करावयास सांगण्यात आले, ते याच कोरड्या वाटेने. ‘सहभाग’, ‘सहनिर्मिती’ या गोड शब्दांत हरकतीला जागा सापडणे अधिक कठीण होते. म्हणून आपली पद्धत श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही. पहिल्या शब्दाचे मोल तेवढे सांगतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये निगमाने कंपनीच्या १६० उपायांची छाननी जाहीर केली व त्यांपैकी १४४ उपायांस अनुकूलता दर्शविली. म्हणजे प्रकल्प मोडकळीस आला होता असे म्हणता येत नाही. ७ मे २०२० रोजी कंपनीने माघार घेतली आणि अभूतपूर्व आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले. महासाथीचे ते दिवस होते. विरोधकांनी हा आपला विजय मानला. क्षेत्र १९० एकरांवरून १२ वर आल्यावर कंपनीच्या हिशेबातील मोठा भाग आधीच गळाला होता, आणि ती कपात विचारविनिमयाच्या काळात व दडपणाखालीच घडली होती. तेव्हा साथ आणि सभा यांतील एकच कारण निवडण्याची घाई इतिहासकाराने करू नये.

मार्च २०२१ मध्ये निगमाने त्याच १२ एकरांसाठी नव्याने भागीदार मागविले. या वेळच्या निमंत्रणात भर होता तो परवडणाऱ्या घरांवर आणि वृद्धांस आपल्याच वस्तीत राहता येण्यावर. फेब्रुवारी २०२२ मध्ये निवडलेल्या योजनेत ८०० हून अधिक परवडणारी घरे व दोन एकरांची वनराई दाखविली होती.