प्रस्तावना: एक रुपयाचे कलम

कायद्याच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना बेकारभत्त्याचा विषय कोरडा वाटतो. दर, दिवस, पात्रता, मग सुधारणा आणि पुन्हा दर. शिवाय हा सगळा मामला परदेशातला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली कायदा केला तेव्हापासूनचा, अशीही समजूत असते. विस्कॉन्सिनचा कायदा नोकरी गेलेल्या कामगारासाठी होता आणि पैसा मालकांच्या वर्गणीतून यायचा. ज्याच्या नशिबी नोकरी कधी नव्हतीच त्या शेतमजुराचे काय, याचे कायदेशीर उत्तर भारतात प्रथम महाराष्ट्राने दिले. त्या उत्तराची आणि त्यात वेळोवेळी झालेल्या फेरफारांची ओळख करून देणे, हे या पुस्तकाचे काम.

रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मजुरांना काम देण्याचा प्रयोग केला. १९७२च्या सुमारास, दुष्काळाच्या तडाख्यात, तो रोजगार हमी योजना (रोहयो) म्हणून राज्यभर पोचला. १९७५मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराकडून घेतलेला पैसा खेड्यातल्या मजुरीसाठी, आणि तेवढीच भर सरकारची. (पगारपत्रकावर ही कपात अजून दिसते, ती मुळात कशासाठी सुरू झाली हे पगार घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.) १९७७चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. भत्ता किती? रोज किमान एक रुपया.

ही रक्कम वाचून हसू येते. तरी माझ्या मते साऱ्या कायद्याचा जीव याच कलमात आहे. ते काढून टाकले तर उरते ती योजना. पैसे असतील तेव्हा चालेल, नसतील तेव्हा थांबेल. ते आहे म्हणून मजुराचा सरकारवर दावा उभा राहतो. मात्र दावा सांगायचा तर कागद हवा. मजूर नमुना चार, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरून देतो आणि तारखेची पोच मागतो. पोच हातात पडली की पंधरा दिवस मोजता येतात. ‘अर्ज ठेवून जा, काम निघाले की कळवू’ एवढ्यावर बोळवण झाली, तर कायद्याच्या लेखी त्याने काम मागितलेलेच नसते. मजूर संघटना एवढ्याशा चिठोऱ्यासाठी हुज्जत का घालतात, ते इथे कळते.

१९८८मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आली. त्या वाढीच्या परिणामांवर रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली निबंध लिहिला. ही हमी योजना रोजगाराची हमी देते का, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. दर वाढवून हक्क आपोआप वाढत नाही, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने तो निबंध वाचावाच.

त्याहून मोठा बदल २००५च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने झाला. राज्याच्या कायद्यात हक्क प्रौढ व्यक्तीचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. केंद्राने तो कुटुंबाचा केला, वर्षाला १०० दिवसांचा. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवला. भत्ता मजुरीशी जोडला गेला: पहिले तीस दिवस किमान पाव, नंतर किमान निम्मा. त्या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राचा होता, भत्त्याचा मात्र राज्याचा. काम दिले तर दिल्लीचा खर्च, न दिले तर राज्याच्या खिशाला चाट. हिशेब हुशारीचा खरा. पण त्यामुळेच मागणी नोंदवायला टाळाटाळ करण्याचे एक नवे कारण कार्यालयांना मिळाले, असे मला वाटते. पोच न देणे हा भत्ता वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

तेव्हा कोणतीही सुधारणा वाचताना दराकडे सवडीने पाहा. भत्ता कोणाच्या तिजोरीतून जाणार आणि पोच कोणी द्यायची, ही कलमे आधी शोधा. आणि पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी जवळच्या ग्रामपंचायतीत जाऊन कोरा नमुना चार मागून बघा.