बाप्यांचा सेंट

हातातली भांडी राहू द्या घडीभर, नाहीतर घासता घासताच ऐका.

गोष्ट मार्च महिन्यातली. वसमतच्या बाजूला एका गावात गटाची बैठक होती. हळद काढणीचे दिवस. कुणाच्या वावरात हळद शिजत होती, कुणाची वाळत पडली होती. बैठकीला आलेल्या सगळ्यांच्या हातांना, पदरांना तोच वास. तेवढ्यात एक मावशी येऊन बसल्या आणि आख्खी खोली घमघमली. एक पोरगी फिसकन हसली आणि म्हणाली, "मावशी, बाप्यांचा सेंट मारून आलाव की!"

सगळ्याच हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मावशींचा लेक पुण्याला कंपनीत कामाला आहे. दिवाळीला आला तेव्हा अर्धी बाटली घरी विसरून गेला. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘फॉर मेन’. मावशी काही लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे दादा गेल्यापासून बारा वर्षं मला कुणी अत्तराचं बोट लावलं नाही. म्हटलं, आता आपलं आपणच लावावं."

मग कुणी हसलं नाही. बचतीचे पैसे गोळा करून आम्ही बैठक उरकली.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. सेंट बाप्याचा आणि बाईचा हे कधीपासून ठरलं? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्यात नुसत्या लढाया. वासाचा इतिहास कुणी शिकवला नाही. म्हणून जमेल तसं वाचलं, ते तुम्हाला सांगते.

आपला मुलूख एके काळी कल्याणीच्या चालुक्य राजांचा. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११३० च्या सुमाराचा. राजाने स्नान कसं करावं, अंगाला कोणती उटी लावावी, हे त्यात सविस्तर दिलंय. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात अशीही नोंद आहे. राजाच्या उटीला एवढी जागा आणि घामाघूम होऊन कांडणाऱ्या बाईला एक ओळ. तरी त्या एका ओळीचंही मला अप्रूप वाटलं.

वासाचं ज्ञान मराठीतही होतं बरं का. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी सुगंध तयार करण्याबद्दलच्या जुन्या पोथ्या उजेडात आणल्या. ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ ही त्यांची नावं. त्यातल्या ‘गंधवादा’वर मराठीत टीका लिहिलेली आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस सुगंधाची कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. पुढे विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात ‘इत्र-ए-नौरसशाही’ नावाचं सुगंधावरचं पुस्तक झालं. दख्खनच्या दरबारांना अत्तराचा मोठा षौक. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आणि हैदराबादला चारमिनारजवळ अत्तराची दुकानं आजही आहेत. आपल्याकडच्या बाजारात अत्तर विकणाऱ्याला अत्तारच म्हणायचे. लोकांची आडनावंही त्यावरूनच पडली.

या जुन्या अत्तरात बाई-बाप्या असा भेद नव्हता. भेद होता ऋतूचा. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. गुलाब आणि मोगरा तर दोघांचेही. दरबारातला सरदार मोगऱ्याचा फाया कानात खोचायचा, तेव्हा त्याला कुणी बायकी म्हणत नव्हतं.

मग अत्तर सगळ्यांना का मिळत नव्हतं? आपल्या हिशेबात सांगते. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण ४,००० किलो फुलं लागतात. म्हणजे क्विंटलभर फुलं तोडली तर हातात येणार २५ ग्रॅम. उत्तर प्रदेशात कन्नौजला अजून जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. आता चंदन किती महाग, हे मी काय सांगायचं! टिपू सुलतानाने तर ते राजवृक्ष ठरवून राज्याच्या ताब्यात घेतलं होतं.

म्हणून अत्तर विकत घेऊन अंगभर लावणारे थोडे, बाकीच्यांना ते कुणीतरी लावायचं. लग्नात, बैठकीत पानसुपारी झाली की यजमान अत्तरदाणी घेऊन फिरायचा आणि पाहुण्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला एक बोट ओढायचा. आपल्या हळदीकुंकवात तेच आलं. अत्तर हा मान होता. आणि मान म्हटला की कुणाला द्यायचा आणि कुणाला वगळायचं हे आलंच. मावशींचे बारा वर्षं इथून आले.

आता कोलनकडे येते, कारण मावशींच्या बाटलीचं मूळ तिथं आहे. जर्मनीत कोलन नावाचं शहर आहे. तिथं योहान मारिया फरीना नावाच्या इटलीतल्या माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिंबू-संत्र्याच्या जातीच्या वासाचं एक हलकं पाणी बनवलं. १७०९ पासून त्या घराण्याचा धंदा आहे. अत्तर तेलात असतं, हे मद्यार्कात. शंभर भागांत वासाचे भाग तीन ते पाच, बाकी मद्यार्क आणि पाणी. थोड्या सुगंधात पुष्कळ बाटल्या. आपल्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. साहेब लोकांच्या राहणीमानाबरोबर असल्या वस्तू देशभर पोचल्या.

आणि आपल्या मराठी घरात कोलन शिरलं ते नटण्यासाठी नाही, तापासाठी! ‘कोलनवॉटरच्या पट्ट्या’ आठवतात का? पोराला ताप चढला की पाण्यात कोलनवॉटर टाकायचं आणि त्याची घडी कपाळावर ठेवायची. मद्यार्क पटकन उडतो, म्हणून कपाळ गार लागतं. लेकरू मुलगा आहे का मुलगी, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

त्याच्या आधीच विलायतेत आणखी एक गोष्ट घडली होती. १८६८ मध्ये इंग्लंडात पर्किन नावाच्या शास्त्रज्ञाने कुमरिन प्रयोगशाळेत तयार केलं. वाळत घातलेल्या ओल्या गवतासारखा त्याचा वास. १८८२ मध्ये पॅरिसच्या एका कंपनीने ते वापरून ‘फुजेर रॉयाल’ नावाचं अत्तर काढलं. फुजेर म्हणजे नेचा, आपल्याकडे पावसाळ्यात आडाच्या भिंतीला उगवतो तो. गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो! नावापुरता नेचा, वास माणसाने जुळवलेला. पण पुढे दाढीच्या साबणाला, लोशनला तोच घाट आवडला, आणि सलूनमधल्या त्या वासाला लोक ‘पुरुषी’ म्हणायला लागले. अमेरिकेतलं ओल्ड स्पाइस तर आधी १९३७ मध्ये बायकांसाठी निघालं होतं. पुरुषांचं आलं दुसऱ्या वर्षी. आज ते बायकांसाठी निघालं होतं असं सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का?

मुंबईत १९२२ मध्ये एस. एच. केळकर कंपनी सुरू झाली. साबण-पावडर बनवणाऱ्यांना लागणारे सुगंध तयार करण्यात हे मराठी नाव मोठं झालं. वास कारखान्यात बनू लागला तसा स्वस्त झाला. टीव्हीवरच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. १९९९ मध्ये ॲक्स भारतात आला (त्याच वर्षी १ मे रोजी आपला हिंगोली जिल्हा झाला), आणि २०११ मध्ये ‘गॅस नाही’ म्हणत फॉग. ॲक्सच्या जाहिरातीत पोराने फवारा मारला की पोरी मागे धावत यायच्या. त्या जाहिरातींचा मला राग आहे. आपण काय गुळाच्या ढेपेवरच्या माश्या आहोत का?

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच स्वस्त बाटलीमुळे कुणाच्या हातून मान मिळायची वाट बघावी लागत नाही. ऊसतोडीला जाणारा पोरगा, रिक्षावाला, मुलाखतीला निघालेलं लेकरू, आज सगळ्यांच्या खिशात छोटी बाटली असते. आमच्या गटात एकीने ‘हा वायफळ खर्च’ म्हणून तक्रार केली होती. मी तिला विचारलं, तंबाखूच्या पुडीला तू कधी वायफळ म्हणालीस? ती माझ्यावर रुसली, ते अजून.

थोडी काळजीही सांगते. यात मद्यार्क असतो, म्हणून चुलीजवळ फवारा मारू नका, बाटली लेकरांच्या हाती देऊ नका. अंगाला खाज आली तर कपड्यावर मारा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं परिपत्रक काढलं. कागद आपल्याही गावात आला असेल. कागदाला काही वास येत नाही, पण आम्ही त्याच्या आधाराने गटात विषय काढला: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याच बायांना बोलवायचं आणि सगळ्यांच्या हाताला अत्तर लावायचं. तिघींनी हो म्हटलं, दोघी गप्प बसल्या, एक म्हणाली सासूला विचारून सांगते. ठराव अजून वहीत चढलेला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा घेणार आहोत.

मावशींना विचारलं, तुम्हाला कुठलं अत्तर आणू? गुलाब का मोगरा? त्या म्हणाल्या, "आणा कुठलंबी. पण लेकाची बाटली संपल्याबिगर मी दुसरं लावायची नाही."